माझ्या घराची चावी कोणाकोणाकडे आहे?

गेल्या मंगळवारी सकाळी एका पोरीनं माझ्यावर तिखटाचा फवारा रोखला... तोही माझ्याच घरात, नाशिकला, गंगापूर रोडला. माझ्या हातात फुलांची परडी होती.

आमची वरच्या मजल्यावरची खोली माझा मुलगा संदीप मोबाईलवरून पाहुण्यांना भाड्यानं देतो. कोणी त्र्यंबकेश्वरला आलेले, कोणी द्राक्षांच्या मळ्यात वाईन प्यायला आलेले. दोन दिवस राहतात, जातात.

आजवर सगळी कुटुंबंच आली. सोमवारी पहिल्यांदा एकटी मुलगी आली... वैदेही, अमरावतीची, नोकरी पुण्यात. "एकटीच फिरतेस?" म्हटलं. "हो आजी, सुट्टी मिळाली, निघाले." मला नवल वाटलं. मी सासरहून माहेरीसुद्धा कधी एकटी गेले नाही.

दुपारी चारला चहा घेऊन वर गेले तर दार उघडं, पण पडदे ओढलेले, दिवे बंद. ही स्टुलावर चढून मोबाईलची बॅटरी भिंतीवरच्या घड्याळात मारतेय. म्हटलं, "काय गं, बंद पडलंय का?"

"नाही आजी. कॅमेरा बघतेय."

मला आधी कळेचना. मग तिनं सांगितलं, काही ठिकाणी घड्याळात, चार्जरमध्ये बारीक कॅमेरे लपवून ठेवतात... बाईमाणूस कपडे बदलताना बघायला. अंधारात उजेड मारला की त्याची काच ठिपक्यासारखी चमकते.

"आमचं घर सभ्य आहे, बाई," मी म्हटलं. ती हसली. "सगळे हेच सांगतात, आजी."

राग आला, पण बघायची हौसही आली. तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि मीच सुरू झाले. गिझर, आरसा, एसीची जाळी, देवांच्या तसबिरींच्या मागं... एसीमागं गांधीलमाशीचं घर निघालं, बाकी काही नाही. चहा गार झाला, पण मजा आली.

मी खाली यायला निघाले तसं तिनं विचारलं, "दाराला आतून कडी नाही का?" म्हटलं, नाही. आमच्या ह्यांना दोनदा आत चक्कर आली, दार फोडायला लागू नये म्हणून काढून टाकली. लॅच आहे की. बाहेरून चावीशिवाय उघडत नाही.

आता माझं देवघर त्याच खोलीत आहे, कोपऱ्यात. पाहुणे ठेवायला लागलो तेव्हा संदीप म्हणाला होता, देव खाली आणू. मी म्हटलं, देव काय भाडेकरू आहेत, खोली बदलायला? तेव्हापासून रोज सकाळी सहाला आंघोळ करून वर जाते, माझ्या चावीनं दार उघडते, दिवा लावते, येते. कुटुंबवाले पाहुणे उठून नमस्कार करायचे. कोणी हरकत घेतली नाही... म्हणजे मला तरी कोणी बोललं नाही.

मंगळवारीही तशीच गेले. चावी फिरवली, दार ढकललं, तर पलीकडे तिची बॅग टेकवलेली. बॅगेवर ताट, ताटावर स्टीलचा पेला. सगळं धडाधड खाली... आणि ही पलंगावर उभी, हातात फवारा, तोंड पांढरंफटक.

"अगं मी! आजी!" मी ओरडले. आणि मग चिडलेच. माझ्या घरात मी देवाला फूल वाहायचं नाही का? काय काय बोलले, सगळं लिहीत नाही.

तिनं ऐकून घेतलं. फवारा खाली ठेवला. मग म्हणाली, "आजी, तुम्ही होतात म्हणून ठीक. ही चावी आणखी कोणाकडे आहे?"

फुलांची परडी तिथंच ठेवली.

खाली आले आणि हिशेब लावायला बसले. एक माझ्याकडे, एक संदीपकडे, एक पाहुण्याला. एक झाडायला येते त्या मंगलकडे. एक मीटरच्या पेटीत खिळ्याला, प्लंबर आला तर असू दे म्हणून. आणि एक दिवाळीत रंगाऱ्याला दिली होती...

"संदीप, रंगाऱ्यानं चावी परत दिली का रे?"

"नसेल दिली. त्यात काय आई, ओळखीचा माणूस आहे."

"तुझ्या ओळखीचा. तिच्या आहे का?"

तो म्हणे, ती आता वाईट रिव्ह्यू लिहील. म्हटलं, रिव्ह्यू गेला खड्ड्यात, आधी सुताराला फोन लाव. तोवर पोरगी बॅग भरून खाली आली होती, दुसरीकडे जाते म्हणाली. मी अडवलं नाही. एवढंच म्हटलं, "दहाला सुतार येतोय. काम बघ, पटलं तर राहा."

सुतार आला. लॅच बदललं, आतून जाड कडी ठोकली. देव मी स्वतः एकेक करून खाली आणले, स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी मांडले. संदीप बघतच राहिला.

मग वैदेही म्हणाली, "आजी, बाहेरून ढकलून बघता?" तिनं आतून कडी लावली. मी पदर खोचला आणि खांदा लावून सगळा जीव काढून दार ढकललं. सुतारालाही ढकलायला लावलं. हललं नाही.

आतून ती म्हणाली, "राहते."

पोरींनो, कुठं परक्या घरी उतरलात तर चावी कोणाकोणाकडे आहे ते विचारा. लाजू नका. आणि माझ्यासारख्या घर देणाऱ्यांनो, कोणी विचारलं तर चिडू नका... मी चिडले होते.