मधली वायर

भास्कर गेला हे मला त्याच्या घरून कळलं नाही. जळगावात एका गिऱ्हाइकाशी मी भावावरून भांडत होतो, तेव्हा तो म्हणाला, "धुळ्याचं कोटेशन यायचं होतं, पण तो माणूस परवाच गेला म्हणे. आता तुम्हीच उरले, म्हणून भाव चढवू नका." बातमी ही अशी आली. मी तो सौदा माझ्या भावात पूर्ण केला आणि मगच खुर्चीवरून उठलो. ज्यांना हे निर्दय वाटेल त्यांनी पुढे वाचू नये. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात... मला जमेल तेवढं बोलतो.

आम्ही दोघं भागीदार होतो. मी हमालाचा मुलगा, बसस्टँडजवळ टपरीत माऊस आणि कीबोर्ड विकत वर आलो. भास्कर धुळ्याचा, शिकलेला, नेटवर्कचा इंजिनिअर. गिऱ्हाईक मी आणायचो, यंत्रं तो बसवायचा. आमचा मुख्य माल म्हणजे फायरवॉलची जोडी. फायरवॉल हा कंपनीचे कॉम्प्युटर आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये बसणारा पहारेकरी. तो बंद पडला की सगळं बंद. म्हणून दोन बसवायचे, एक मेन आणि एक स्टँडबाय, आणि दोघांमध्ये एक वायर. त्या वायरीवरून ते एकमेकांची नाडी बघत राहतात. मेनची नाडी थांबली की दुसरा त्याची जागा घेतो. काम झालं की भास्कर भर कामाच्या वेळी मालकाला समोर बसवायचा आणि चालू मेनची विजेची पिन खसकन ओढायचा. मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं. पण काम थांबायचं नाही, दुसऱ्याने सांभाळलेलं असायचं. मग तो पिन परत लावायचा आणि मेन पुन्हा आपल्या जागेवर यायचा.

ही शेवटची गोष्ट मला कधीच पटली नाही. मी म्हणायचो, "अरे, दुसरा नीट चालवतोय ना? चालवू दे की. पहिल्याला परत गादीवर कशाला बसवतो?" तो हसायचा. "शेठ, मेन तो मेन. तू भाव कर, सेटिंग माझ्याकडे सोड." मला तो शेठ म्हणायचा ते मानाने नव्हे.

अमळनेरच्या तेल गिरणीचं कामही असंच झालं. मालकांना सगळे आबा म्हणतात. दोन यंत्रं घ्यायला मी त्यांना महत्प्रयासाने राजी केलं होतं. यंत्रं बसवताना मी भास्करला विचारलं, "मधे एकच वायर? ती तुटली तर?" मी शिकलेलो नाही, पण बाजारात एका दोरीवर पोतं बांधत नाहीत एवढं मला कळतं. तो म्हणाला, "एक पुरते." ऐन सरकीच्या हंगामात गिरणीच्या वायरमनने ती वायर काढून टाकली. या डब्यातून निघून शेजारच्या डब्यात जाणारी वायर त्याला फालतू वाटली. झालं! दोन्ही यंत्रांना वाटलं, दुसरा मेला. दोघेही मेन झाले, दोघांनी एकाच पत्त्यावर हक्क सांगितला आणि गिरणीचं नेटवर्क कोसळलं. वजनकाट्याच्या पावत्या थांबल्या, ट्रकांची रांग फाटकाबाहेर गेली. आबा संतापून ओरडत होते. आणि भास्कर माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाला, "काय करू आबा, पार्टनरनी वायरीत कंजुषी केली."

आबांनी लगेच विश्वास ठेवला. तेच मला लागलं. भावासाठी भांडणारा माणूस वायरही वाचवणारच, याला पुरावा कशाला लागतो? मी तिथेच भास्करची कॉलर धरली. वायरमननेच सोडवलं. अमळनेर स्टँडवरून तो धुळ्याच्या गाडीत बसला, मी जळगावच्या. त्यानंतर आम्ही बोललो नाही. दोघांनीही आपापल्या गावात दुसरा मेल्यासारखाच धंदा केला. गिऱ्हाइकांना दाखवायला आमच्याकडे एक जुनी जोडी होती, वाटणीत तिचा मेन त्याने नेला आणि स्टँडबाय मला ठेवला. तो डबा माझ्या दुकानात तेव्हापासून एकटा चालू आहे. त्याच्या पडद्यावर लाल अक्षरांत येत राहतं, जोडीदार सापडत नाही.

दहाव्याला मी धुळ्याला गेलो. आबा तिथे आले होते. निघता निघता चार लोकांत मला म्हणाले, "ती एक वायर वाचवली नसती, तर तुमची जोडी टिकली असती हो." मयताच्या घरी भांडण करत नाहीत, एवढं मला माझ्या बापाने शिकवलंय. आबांची गाडी गेल्यावर सुनंदावहिनी, भास्करची बायको, आतून त्याचा डबा घेऊन आल्या. "हाई तुमनं शे," त्या म्हणाल्या. मग हळूच, "माले ठाऊक शे भाऊ, ती चूक त्यासनीच व्हती. घरमा कितीदा बोलनात."

घरात बोलला! मी म्हणालो, "वहिनी, घरात बोलून काय उपयोग? आबांना सांगायचं होतं त्याने." वहिनींचा यात काय दोष? पण माझं नाव ज्याच्या तोंडून साफ व्हायचं होतं तो माणूस आता नाही, आणि ते आता कधीच साफ होणार नाही. वहिनींना साक्षीला उभं करायला मी अजून तेवढा उतरलेलो नाही.

डबा आणून मी माझ्या डब्याशेजारी ठेवला. दोघांमध्ये वायर लावली, दोन लावल्या. सेटिंग जुनंच होतं. थोड्या वेळाने लाल अक्षरं गेली आणि त्याचा डबा बेधडक मेन झाला. इतकी वर्षं माझा एकट्याने चालवत होता, त्याचं काही नाही! मी भास्करसारखीच खसकन त्याची पिन ओढली. माझ्या डब्याने काम उचललं. मग का कोण जाणे, पिन परत लावली. त्याचा डबा जागा झाला आणि सरळ आपल्या गादीवर येऊन बसला.

माझ्या डब्याने निमूट जागा सोडली. मी सोडली नसती.