न गळणारं तेल

आईला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घाटापलीकडे न्यायचं होतं आणि आमच्या जुन्या गाडीचा गिअर पडेना.

"क्लचचं तेल भरा आणि सोडा, चाचा," बाबा मेकॅनिकला म्हणाले.

हमीदचाचांनी पेडल हाताने दाबून धरलं. थेंबभरही गळत नव्हतं, तरी पेडल हळूहळू खाली चाललं होतं.

"तेल भरलेलंच आहे, साहेब. आतलं रबर झिजलंय. दाब आतच मरतोय."

मनात आलं, मी ज्या संघटनेत आहे तिचंही हेच झालंय. कुणी सोडून गेलेलं नाही, घोषणाही दणक्यात होतात, पण हलत काहीच नाही. आम्ही मात्र आणखी पत्रकं छापतो. आधी आत बघायला हवं.

"दोन तास द्या, साहेब. उघडतो," चाचा म्हणाले.

"उशीर होईल!" बाबा कुरकुरले.

मी त्यांच्या हातातली किल्ली घेऊन चाचांना दिली.