सणाचा काळा झगा

आमच्या भरे गावात हल्ली घराघरावर भाड्याच्या खोल्या झाल्यात, त्यामुळे भाडेकरूचं कुणाला नवल नाही. पण आमच्या वरच्या खोलीत ती मुलगी आली आणि गल्लीला विषय मिळाला. पायघोळ काळा झगा, डोळ्यांत जाड काजळ, गळ्यात पाच टोकांची चांदीची चांदणी, मनगटावर चंद्रकोरीचं गोंदण. हिंजवडीला कंपनीत कामाला. पहिल्याच आठवड्यात शेजारीण माझ्या कानाशी लागली, "भानामतीवाली हाय बघ. लेक बाळंतपणाला आलीया तुजी, जरा जपून."

मी तोंडाची फटकळ. सरळ वर गेले आणि विचारलं, "कोण गं तू?"

"मी पेगन आहे, काकू," ती म्हणाली. "म्हणजे आम्ही सूर्य, चंद्र, झाडं, ऋतू यांना मानतो."

"आन् आमी काय ग्यासच्या शेगडीला मानतो व्हय?"

अशी खळखळून हसली, की मला ती तिथंच आवडली. त्यांच्यातले बरेच जण साध्या शर्ट-पँटीत वावरतात, ओळखूसुद्धा येत नाहीत, हे तिनंच सांगितलं. ऑफिसला तीही जीन्स घालायची. झगा घरचा, हौसेचा. पौर्णिमेला ती झगा घालून गच्चीत दिवा लावायची, तेव्हा खालून पोरं "हडळ, हडळ" ओरडायची, आणि ही बया वरून त्यांना गोळ्या टाकायची. माझ्या लेकीचं आणि तिचं तर इतकं जमलं, की लेकीचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चेपत बसायची.

लेकीला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. व्याहीमंडळी येऊन बसली होती, आणि ही जिन्यावरून उतरली ती नखशिखांत काळ्यात. शेजारणीनं मला कोपरानं ढोसलं. माझा फटकळपणा कुठं गेला कोण जाणे! मी जिन्यातच तिला अडवलं.

"आज तेवढं काळं नको गं. बदलून ये."

"काकू, हा माझा सणाचा आहे," ती हळू आवाजात म्हणाली. झग्याला कडक इस्त्री केलेली मला दिसत होती.

ती वर गेली, ती खाली आलीच नाही. लेकीनं विचारलं, तर "काम आलं आसंल तिला" म्हणून मी मोकळी झाले. खोटं बोलले. त्यानंतर ती वागायला तशीच गोड, पण जिना गुपचूप चढायची. पुढं एकदा म्हणाली, जानेवारीअखेर खोली सोडते. मला म्हणायचं होतं, जाऊ नको. तोंडातून निघालं, "बरं."

संक्रांत झाली, रविवार बघून नातीचं बोरन्हाण ठरलं. लेकीनं काळं झबलं आणलं, वर घालायला हलव्याचे दागिने. ते झबलं हातात घेतलं आणि मला माझीच लाज वाटली. बारशाला ज्या लेकराजवळ काळं चालत नव्हतं, त्याच लेकराला आता आम्ही हौसेनं काळ्यात मढवणार. वर जाऊन आमंत्रण देऊन आले, पण कपड्यांचं काही बोलायला धीर झाला नाही.

संध्याकाळी सगळ्या बायका काळ्या साड्या नेसून आलेल्या, आणि दारात ही उभी. पिवळाधमक पंजाबी ड्रेस, कपाळाला टिकली, गळा मोकळा. आम्हाला बरं वाटावं म्हणून मुद्दाम पिरंगुटला जाऊन घेतला होता. आणि तीच शेजारीण खो-खो हसत म्हणाली, "अगं बया, आजच्या दिवशी तरी काळं घालायचं!"

पोरीचा चेहरा असा उतरला, की मला राहवेना. "हसू नका तिला," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "बारशाला काळं घालून आली व्हती, तवा मीच म्हागारी धाडली." लेकीनं माझ्याकडं जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. मी त्या पोरीचा हात धरला. "चुकलं माजं. जा, तुजं सणाचं घालून ये. आमी थांबतो."

ती गेली. पाटावर नात किरकिरायला लागली, बोरं-चुरमुऱ्यांचं ताट घेऊन बायका ताटकळल्या, पण ती काही येईना. बारशासारखंच होतंय की काय, असं मला वाटलं. शेवटी गुडघे धरत मीच वर गेले.

ती पिवळ्या ड्रेसमध्येच जमिनीवर बसली होती. भिंतीलगत चिकटपट्टी मारलेली पाच खोकी. "सगळं भरून झालंय, काकू," ती रडवेली होऊन म्हणाली. "झगा कुठल्या खोक्यात आहे, आठवतच नाही."

मी तिच्याशेजारी फतकल मारली आणि नखांनी पट्टी ओरबाडली. झगा पहिल्याच खोक्यात निघाला, वरच होता. तो तिच्या हातात दिला आणि दुसरं खोकं पुढ्यात ओढलं.

"काकू, झगा सापडला की!"

"दिसला मला," मी म्हटलं, आणि दुसऱ्याचीही पट्टी टराटरा काढली. तिनं मला थांबवलं नाही.