किल्ल्याच्या खंदकातली म्हैस

आता काय सांगू तुम्हाला! तोंड बंद ठेवलं असतं, तर जगातली कुठली मशीन मला पकडू शकली नसती.

दुष्काळाचं साल. दौलताबाद रोडला नव्या प्लॉटिंगमध्ये आमची कॉलनी. घरं झाली, रस्ते झाले, पाणी तेवढं राहून गेलं. तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. हंडे पुढं सरकायचे आणि मी लांबच्या किल्ल्याकडं बघत रांगेला आदल्या रात्रीचं स्वप्न सांगायचो. उन्हात दुसरं करणार काय?

पाईप अण्णांच्या हातात. अण्णा म्हणजे कॉलनीचे अध्यक्ष. पहिली टाकी त्यांचीच भरायची. त्यांची सून कम्प्युटरमधली. तिनं कॉलनीची वेबसाईट काढली, त्यात नाव न देता तक्रार लिहायची सोय. म्हटलं, वा! लिहिली एक, अगदी मन मोकळं करून.

पुढच्या टँकरला अण्णा पाईप धरून उभे, पाणी सोडेनात. सून म्हणाली, तक्रारीसोबत इंटरनेटचा पत्ता आलाय, आकड्यांचा. आणि तो निघाला माझ्याच घरचा. तिच्याकडं नेट नव्हतं तेव्हा आमच्याच ओट्यावर बसून तिनं वेबसाईट बनवली होती. आकडा तिला पाठ!

"ज्यानं लिहिलं त्याचं पाणी बंद," अण्णा म्हणाले.

घरी दोन लेकरं, माठ तळाला गेलेला. पण माझं नेट शेजारची चार घरंही वापरायची. पासवर्डच्या बदल्यात मी घरटी एक कळशी पाणी घ्यायचो. तेच कामी आलं.

"अण्णा, हा पत्ता घराचा, माणसाचा नाय. शहागंजात एका दाराआड पाच बिऱ्हाडं राहतात. दारावरच्या नंबरावरून कोण घोरतंय ते कळतं का?"

रांग हसली. सूनही विचार करून म्हणाली, खरंय, एवढ्यावरून माणूस ठरत नाही. अण्णांनी मान डोलावली. मी तर तरंगायलाच लागलो.

"वाच तरी, लिहिलंय काय," अण्णा म्हणाले.

सुनेनं मोबाईल काढला. 'अध्यक्षांची टाकी दर वेळी पहिली का? मला स्वप्न पडलं. किल्ल्याचा खंदक काठोकाठ भरलाय, त्यात आपला टँकर म्हशीसारखा डुंबतोय, आणि पाईप अण्णांच्या हातात नाही.'

सगळी रांग माझ्याकडं वळली. हे स्वप्न मागच्या टँकरला मी त्यांना दोनदा सांगितलं होतं, म्हशीसकट. फक्त पाईप गाळला होता.

"पत्ता पाच घरांचा असंल," अण्णा म्हणाले, "म्हैस तुझी एकट्याची हाय. लेकरं हायेत घरात, म्हणून पाणी बंद करत नाय. शेवटी जाऊन उभा राहा."

गेलो. लई वेळ लागला. भिंतीला टेकलो, डोळा लागला, आणि पुन्हा तेच गार, निळं पाणी. किती बरं वाटलं म्हणून सांगू! जाग आली तशी पुढं उभ्या असलेल्या बाईंना म्हणालो, "वहिनी, आत्ता काय दिसलं, ऐका..."