वजाबाकी नसलेलं गणित

आमच्या दाजींना ‘बघू’ म्हणताना अख्ख्या केज तालुक्यात कुणी ऐकलेलं नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात, आणि तिथलं बुलियन बीजगणित त्यांनी थेट संसारात आणलंय. तुमच्याआमच्या बीजगणितात क्ष काहीही निघतो, पाच, साडेतीन, नाहीतर उणे सात. दाजींचा क्ष एक असतो किंवा शून्य, म्हणजे आहे किंवा नाही. शिवाय त्यात एक अधिक एक एकच. “एका दिव्याला दोन बटनं जोडली अन् दोन्ही दाबली, तर दिवे काय दोन हुत्यात का?” असं ते विचारतात.

एका बारशात त्यांच्या हाती जिलबीचं ताट द्यायची चूक आम्ही केली. आमच्याकडे पाहुण्यानं “नको, नको” म्हणत पानावर हात आडवा धरायचा आणि वाढप्यानं त्या हाताखालून जिलबी सरकवायची, ही रीत. दाजी ज्याच्या त्याच्या पानात डोकावले. “हाय की जिलबी! हाय मधी हाय मिळवलं तरी हायच,” म्हणत पुढे गेले. ‘नको’ म्हणणाऱ्याला तर त्यांनी वाढलंच नाही. नांदूरघाटचे पाहुणे फुगून बसले, आणि त्यांची समजूत काढता काढता अक्काच्या नाकी नऊ आले.

अशा माणसाला माझ्या भाचीनं विचारायचं कसं? एकुलती एक पोर, पुण्यात नोकरी लागलेली. दाजी एकदा ‘नाही’ म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी नाहीच, म्हणून ती कितीतरी दिवस धजेना. शेवटी मला शेजारी बसवून तिनं चहाच्या वेळी विचारलं, “बाबा, मी जाऊ?”

दाजींनी कप खाली ठेवला. “जा,” म्हणाले. पोरगी रडली, अक्का रडली. मीही थोडा रडलो, खोटं कशाला बोलू!

तिला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं तेव्हा स्टँडवर आम्ही दोघंच उरलो. गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी दाजी हलेनात.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “आमच्या बीजगणितात वजाबाकी न्हाई वो. घरातून एक गेल्यावर मागं किती ऱ्हातं, ते मांडायचं कसं?”

मला वजाबाकी येते. पण ती त्या दिवशी मलाही सुटेना, म्हणून मी त्यांचा हात धरला आणि आम्ही घराकडे निघालो.