बाबांचा उजवा पाय

आमच्या गावात आता कोणी भांडत नाही, कारण भांडायला कोणी उरलंच नाही. भांडणं माणसांबरोबर मुंबईला गेली, आणि गेल्या वर्षी तिथून इंटरनेटवर गेली. मुंबईच्या आमच्या मंडळाने एका आभासी जगात जागा घेऊन पावसजवळचं आमचं गाव जसंच्या तसं उभं केलं. देऊळ, पार, चिऱ्याच्या पायऱ्या, सगळं. तिथे प्रत्येकाचा एक अवतार, म्हणजे आपल्या नावाने चालणारा-बोलणारा संगणकातला पुतळा. एकूण एक पुतळ्यांना भरघोस केस, आणि पोट एकालाही नाही. पहिल्याच आठवड्यात दोन चुलतभावांची जुंपली, देवळासमोरचं घर कोणाचं म्हणून. दोघांची खरी घरं गावात कुलूप लावून पडली आहेत. कौलं शाकारायलासुद्धा कोणी फिरकत नाही.

मी रत्नागिरीत कॉम्प्युटरचा क्लास चालवते. एवढ्यावर मंडळाने मला तांत्रिक सल्लागार करून टाकलं. म्हणजे काम माझं आणि आभार सेक्रेटरींचे. यंदा गणपतीत आभासी देवळासमोर जाखडी नाचवायची असं ठरलं. ढोलकीवाल्याभोवती गोल धरून, पायात चाळ बांधून नाचायचा हा आमचा नाच. पूर्वी गावात त्याचे दोन मेळे होते. आता सगळी पावलं पुरती येणारा माणूस एकच राहिलाय, माझे बाबा. घरात आम्ही दोघंच.

"माझी पावलं त्यात राहतील ना गो?" बाबांनी विचारलं. "मी गेल्यावर पण?"

"राहतील," मी बोलून गेले. त्यांचा चेहरा असा काही फुलला, की मग मागे फिरायची सोयच उरली नाही.

अंगणात दोन बाजूंना दोन मोबाइल लावले. बाबा धुतलेलं धोतर नेसून आले आणि नाचले. त्या चित्रीकरणातून एक प्रोग्रॅम माणसाच्या हाडांच्या हालचाली तेवढ्या काढून घेतो. त्या आभासी जगात चढवल्या, की कुठलाही पुतळा तसाच नाचतो. निदान असं त्या प्रोग्रॅमच्या जाहिरातीत म्हटलंय.

चढवल्या. माझा पुतळा कमरेत मोडला, डोकं जमिनीत गेलं आणि ढुंगण आभाळाकडे करून तो देवासमोर गरागरा फिरायला लागला. चाचणी बघायला मंडळाची निम्मी कार्यकारिणी हजर होती. सेक्रेटरींनी लगेच खुलासा केला, "तांत्रिक सल्लागार रत्नागिरीच्या आहेत."

मेल्यांनो! पण बोलते कुणाला? चार दिवस मी हाडांची नावं जुळवत बसले, उंची बदलून पाहिली, परदेशातल्या अनोळखी लोकांना मोडक्या इंग्रजीत विचारत सुटले. शेवटी कळलं ते असं. ते जग चित्रीकरणातलं पहिलं चित्र बघतं आणि माणूस सरळ उभा राहतो तो असा, हे मनात पक्कं करतं. पुढची प्रत्येक हालचाल तिथून मोजतं. म्हणून पहिल्या चित्रात माणूस हात आडवे पसरून ताठ उभा लागतो. आणि बाबांनी काय केलं होतं? नाचायच्या आधी आमच्याकडे करतात तेच. वाकून भुईला हात लावला, तो कपाळाला लावला. मी चित्रीकरण कापलं होतं ते नेमकं तिथून. त्या बिचाऱ्या यंत्राला वाटलं, कोकणातली माणसं अशीच उभी राहतात.

"नमस्कार कापून टाका," सेक्रेटरी म्हणाले. "वेळही वाचेल."

"भुईला हात लावल्याशिवाय नाचायचं?" बाबा कडाडले. "त्यापेक्षा नको तुमचा नाच!"

मग मी बाबांना अंगणात हात पसरून उभं केलं.

"शेतात बुजगावणं हवंय काय तुला?"

"क्षणभर हलू नका हो!"

ते एक चित्र नमस्काराच्या आधी जोडलं. पुतळा ताठ उभा राहिला, वाकला, भुईला हात लावला आणि नाचायला लागला. मी खुर्चीतच उडी मारली. मग बघते तर उजवा पाय ओढतोय.

डावं पाऊल उचलून नीट पडायचं. उजवं घासत यायचं, अर्धा ठोका उशिरा. म्हटलं, पायातल्या चाळामुळे प्रोग्रॅम गडबडला असेल. पाय जमिनीला चिकटवणारी सोय बंद केली, मग चालू केली. ढोपराचं हाड पुन्हा जुळवलं. परदेशातल्या एकाने कळवलं, दोन्ही पायांची लांबी मोजून बघा. तीही मोजली. आठ दिवस गेले. क्लासवरून आले की मी त्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत बसायची. बाबा मागे आरामखुर्चीत बसून असत.

"सापडलं काय गो?"

"नाही हो. कुठे घाण अडकलीये कोण जाणे!"

नवव्या दिवशी काहीच सुचेना, म्हणून मूळ चित्रीकरण पडदाभर मोठं करून लावलं. आमचं अंगण, बाबा, धोतर. आणि धोतराखाली ओढत येणारा उजवा पाय. मी वळून बघितलं. बाबा गुडघा चोळत होते.

"कधीपासून?"

"झाली चार वर्षं."

"आणि मी आठ दिवस त्या सॉफ्टवेअरला शिव्या घालतेय! बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

ते खाली बघत म्हणाले, "म्हटलं, तू त्यातनं तेवढं काढशील. कोणाला कळणार नाय."

मला रडूच आलं. चार वर्षं मी या माणसासमोर रोज चहा ठेवतेय. पुतळा लंगडला तेव्हा मला दिसलं, बाप लंगडत होता तेव्हा दिसलं नाही. लाज वाटली मला, खरंच. पण रडत बसले असते तर ते उठून गेले असते, म्हणून मी सौदा केला. पायाचं ओढणं मी काढते, पण सोमवारी दवाखान्यात यायचं. ते कबूल झाले. डाव्या पायाची हालचाल उलटवून मी उजव्याला दिली, ठोका जुळवला. पुतळा तरण्या गड्यासारखा नाचला.

सोमवारी डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि नाच बंद केला. परत येताना रिक्षात बाबा बोटांनी गुडघ्यावर जाखडीचा ठोका धरून होते.

गणपतीत चाळीसेक पुतळे देवळासमोर गोल उभे राहिले, सगळ्यांवर बाबांचीच सुधारलेली हालचाल. घरावरून जुंपलेले ते दोन चुलतभाऊसुद्धा शेजारी शेजारी, कारण जागा मी दिल्या होत्या. सगळे एकदम वाकले, भुईला हात लावला आणि सुरू झाले. एक पाऊल चुकेना. मुंबईहून वाहवा यायला लागली. बाबा पडद्याजवळ सरकून शोधत राहिले.

"यातला मी कुठचा?"

मलाही पटकन सांगता येईना. सगळे एकसारखे. नावाच्या पाट्या वाचत वाचत त्यांचा पुतळा शोधला आणि त्यावर जुनी, न सुधारलेली हालचाल चढवली. दुसऱ्याच फेरीत त्या एवढ्या गर्दीत एक उजवा पाय ओढायला लागला.

"हां," बाबा म्हणाले. "तो बघ मी."

तेवढ्यात सेक्रेटरींचा मेसेज आला. एका अवताराचा पाय अडकतोय, ताबडतोब दुरुस्त करा.

मी लिहिलं, "तो पाय माझ्या बाबांचा आहे. राहू दे."