वांग्याच्या फोटोतलं बोलणं

लपवण्यासारखं काडीचंही काही नसताना सगळं लपवून ठेवणारा माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझ्या नात्यात: माझे थोरले साडू. जानेफळला त्यांची भाजीची बागाईत. चष्म्याचा नंबरसुद्धा ते कॉम्प्युटरमध्ये कुलपात ठेवत, आणि कुलूप लावलंय हे मात्र गावभर सांगत. पुढे त्यांना कुलूपही कच्चं वाटायला लागलं. मग कुठूनसे ते फोटोत मजकूर लपवायला शिकले. फोटो म्हणजे रंगाचे लाखो ठिपके. एकेका ठिपक्याचा रंग केसभर बदलायचा, डोळ्याला काही कळत नाही आणि मजकूर आत बसतो. "चोर तिजोरी फोडते साडूभाऊ, वांग्याचा फोटो कोन फोडते?" असं म्हणून ते इतके खूश होत की मला त्यांचा हेवा वाटे.

ताई, म्हणजे त्यांची बायको, आजारी पडल्या तेव्हापासून मला शेगावला मोबाईलवर दर आठवड्याला एक वांगं यायला लागलं. तेही व्हॉट्सॲपवर, साधा फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून. "फोटो म्हणून धाडलं त दाबल्या जाते, ठिपके बदलते, अन् आतलं मरते. तुमच्यापाशी राहू द्या," एवढंच सांगत. आत काय होतं ते मला फार उशिरा कळलं. ताई दुपारी पडल्या पडल्या बोलत, माहेरचं, रागालोभाचं, आजवर कुणाला न सांगितलेलं, आणि साडू शेजारी बसून टाइप करत. पोरांच्या नजरेस पडू द्यायचं नाही, ही ताईंची अट.

आणि मी काय केलं? मोबाईल भरला तशी सगळी वांगी पुसून टाकली. अक्कल गहाण, दुसरं काय!

ताई गेल्या. यंदा उन्हाळ्यात साडूंचा कॉम्प्युटर जळाला आणि ते एसटीने थेट माझ्या दारात. "ती वांगी हायेत ना? तिचं सारं बोलनं त्यातच हाय."

पुसून टाकली, हे मला सांगावं लागलं. बायको मदतीला धावली, एक वांगं तिने हौसेने माझ्याकडून स्वतःच्या मोबाईलवर घेतलं होतं, पण मी ते साधा फोटो म्हणून पाठवलेलं. साडूंनी आमच्या पोराच्या लॅपटॉपवर तीनदा पासवर्ड टाकला. वांगं तेच, देठावरचे काटेसुद्धा दिसत होते. आत काहीच नव्हतं.

"दाबल्या गेलं," ते म्हणाले. मला लाज वाटली, रडू आलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

स्टँडवर सोडायला गेलो. एसटीत चढताना ते म्हणाले, "तुमच्याबद्दल बी सांगतलं होतं तिनं. चांगलंच सांगतलं होतं."

खरं होतं की माझं मन राखायला म्हणाले, कोण जाणे. काय सांगितलं होतं, हे विचारायला मला तोंड नव्हतं.